ठेवणीतली बॅटरी

चंद्रप्रभाबाईंच्या घरात नवी वस्तू आली की आधी तिचं नशीब ठरायचं. रोजची, की ठेवणीतली? रोजचीच्या वाट्याला घासणं, आपटणं, कान तुटणं. ठेवणीतलीच्या वाट्याला जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक. लग्नात आलेला कपबशांचा संच त्या ट्रंकेतून अठ्ठेचाळीस वर्षांत तीनदा बाहेर निघाला होता, आणि तिन्ही वेळा आलेले पाहुणे चहा न घेणारे निघाले.

बाई मूळच्या फलटणच्या. शाळा चौथीपर्यंत. लग्न करून दिल्लीला आल्या तेव्हा हिंदीतले दोनच शब्द यायचे, ‘अच्छा’ आणि ‘नहीं’, आणि त्यावर पहिलं वर्ष निभावलं. नवरा, अण्णासाहेब, कोपर्निकस मार्गावरच्या राज्याच्या गेस्ट हाउसात रिसेप्शनला. गावाकडून आलेल्या साहेबलोकांना खोल्यांच्या किल्ल्या देणं आणि परत घेणं, यात त्यांची चौतीस वर्षं गेली. रिटायर झाल्यावर दोघं मुलाकडे, चैतन्यकडे आली. चैतन्य केंद्र सरकारात, लक्ष्मीबाई नगरात वरच्या मजल्याचं क्वार्टर. खाली उतरायला बावीस पायऱ्या. सून संपदाही नोकरीवाली. साडेनवाला दोघं बाहेर पडली की घर म्हाताऱ्यांचं.

दोन हिवाळ्यांपूर्वी दिल्लीच्या धुराने अण्णासाहेबांच्या छातीत कायमचा मुक्काम ठोकला. तेव्हापासून नाकात नळी. खोलीच्या कोपऱ्यात ऑक्सिजनचं मोठं मशीन, पाण्याच्या कुलरसारखं घरघरणारं. आणि मशीन म्हटलं की वीज, वीज म्हटलं की ती जाणार, म्हणून बॅटऱ्या. सांभाळायचं काम कुणी नेमून दिलं नव्हतं. घरात सगळ्यांच्या हातात फोन होते. रिकामे हात एकट्या बाईंचेच, म्हणून ते त्यांच्याकडे आलं.

शिकल्या त्या चुका करत करत. आधी इन्व्हर्टर. त्याची बॅटरी म्हणजे तीन बिऱ्हाडांचं वजन, आणि पाणी पिणारी. पहिल्या वर्षी बाईंनी तिला नळाचं पाणी उकळून, गार करून, गाळून घातलं. बाळंतिणीला घालावं तसं. ती वर्षात मेली. मिस्त्री म्हणाला, “माताजी, इसको डिस्टिल्ड वॉटर चाहिए, आपका प्यार नहीं.” मग बाईंनी वेगळी बाटली केली, तिच्यावर सुनेच्या नेलपॉलिशने मोठी फुली मारली, म्हणजे कुणी तहानेच्या भरात तोंडाला लावू नये. महिन्यातून एकदा झाकणावरचे तरंगते काटे बघायचे आणि खूण आली की थांबायचं, काठोकाठ भरायचं नाही. एकदा पान्याने तार आवळताना हातातली सोन्याची पाटली दोन टोकांना टेकली. असा निळा जाळ उठला की पाटलीवर अजून खड्डा आहे. तेव्हापासून बॅटरीला हात लावण्याआधी पाटल्या काढून ओच्यात. आणि ती चार्ज होताना तिच्यातून वायू निघतो, हे मिस्त्रीने सांगितल्यावर ती बाल्कनीच्या दाराशी, वाऱ्यावर गेली. उदबत्ती आणि निरांजन पार स्वयंपाकघरात. ऑक्सिजनच्या खोलीत तर काडेपेटीसुद्धा नाही. देवांना बाईंनी स्पष्टच सांगितलं, “इथे जागा बदलायची आहे, कुरकुर करू नका.”

मग घड्याळाचे आणि रिमोटचे सेल. त्यातले काही पुन्हा चार्ज होणारे, काही वापरून टाकायचे. बाईंनी एकदा चारही जागा भरायच्या म्हणून दोन्ही जातींचे एकत्र चार्जरात बसवले. पंगतीत जागा रिकामी बघवत नाही, तसं. टाकायच्या सेलांनी अर्ध्या तासात तापून आंबट वासाचं पाणी सोडलं. तेव्हापासून चार्ज होणाऱ्या सेलच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल टिळा. टिळा नाही त्याला चार्जरात प्रवेश नाही. आणि नवा सेल जुन्याबरोबर घालायचा नाही, जोडीने घेतलेले जोडीनेच वापरायचे.

फोनचं प्रकरण त्याहून बिकट. अण्णासाहेब फोन उशीखाली चार्जिंगला लावून त्यावर कान ठेवून झोपायचे.

“अहो, नाकात ऑक्सिजन, कानाखाली निखारा! काय ठरवलंय काय?”

“बातम्या ऐकतोय.”

“उद्या तुमचीच बातमी येईल.”

फोन गेला स्वयंपाकघरातल्या ओट्यावर. तिथे फरशी, वर काही नाही, शेजारी काही नाही. घरातलं झाडून सगळं चार्जिंग तिथे. चैतन्यने एकदा पॉवरबँक सोफ्यावर गादीच्या फटीत लावली, तर त्या पंचेचाळीस वर्षांच्या सेक्शन ऑफिसरला बाईंनी सुनेसमोर झापलं.

तर असं सगळं असताना गेल्या एप्रिलात चैतन्यने छोटं मशीन आणलं. खांद्याला अडकवता येणारं, बॅटरीवर चालणारं. “आई, आता अण्णांना खाली नेता येईल. बागेत बसतील.” सोबत दोन बॅटऱ्या, जाड वहीएवढ्या, आणि एक गाडीत लावायची वायर. डॉक्टर म्हणाले, दोन बॅटऱ्या आहेत म्हणजे आता अडीअडचणीसाठी घेतलेला भाड्याचा सिलिंडर परत केला तरी चालेल. केला.

बाईंनी दोन्ही बॅटऱ्या हातात घेऊन बघितल्या. काळ्या, गुळगुळीत, नव्याकोऱ्या. एक मशीनमध्ये बसवली. दुसरीचं नशीब बसल्या जागी ठरलं. ती त्यांनी पूर्ण शंभरपर्यंत चार्ज केली, कारण अडीनडीला लागणारी वस्तू भरलेलीच हवी. लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली, आणि माळ्यावरच्या ट्रंकेत, कपबशांशेजारी ठेवली. गाडीची वायर प्लास्टिक न फोडता तिथेच.

वर गच्ची. मे गेला, जून गेला. त्या ट्रंकेत पापड ठेवले असते तर न तळता फुलले असते.

बागेत मात्र अण्णासाहेब एकदाही गेले नाहीत. बावीस पायऱ्या, नाकात नळी, लोक बघतील. “मी काय प्रदर्शन आहे?” म्हणाले. छोटं मशीन न्हाणीघरापर्यंत जाऊन यायचं, तेवढीच त्याची बाग.

नोव्हेंबरात कॉलनीच्या ग्रुपवर पत्रक आलं: गुरुवारी दहा ते दोन वीज बंद, केबलचं काम. ते वाचून दाखवलं अश्लेषाने. अश्लेषा समोरच्या दारातली, मामाकडे राहून यूपीएससीची तयारी करणारी, वाशिमची. रोज दुपारी अण्णासाहेबांना पेपर वाचून दाखवायची आणि त्या बदल्यात त्यांची मतं ऐकून घ्यायची. दोहोंत कष्टाचं काम दुसरं.

“चार तास, आजी. जमेल?”

“न जमायला काय झालं?” बाईंनी बोटांवर हिशेब मांडला. इन्व्हर्टरवर मोठं मशीन अडीच तास. पंखा, टीव्ही, वायफाय सगळं बंद ठेवायचं. मग छोट्या मशीनची बॅटरी, अडीच तास. झाले पाच. “आणि वर ठेवणीतली आहेच.”

चैतन्यने सुट्टी घेऊ का विचारलं. बाई म्हणाल्या, “तू घरी बसून काय फुंकर घालणार आहेस?”

गुरुवारी दहाला वीज गेली. सरकारी वेळ एवढी पाळलेली बघून अण्णासाहेबांना समाधान वाटलं. साडेबाराला इन्व्हर्टरने कुँ कुँ केलं, बाईंनी नळी छोट्या मशीनला जोडली. जेवणं झाली. दीड, पावणेदोन, दोन. वीज नाही. सव्वादोनला बाई बाल्कनीत जाऊन वाकल्या. खाली खड्ड्याशी पिवळ्या टोपीतला माणूस उभा होता.

“भैया, दो बज गए!”

“माताजी, केबल में फॉल्ट निकल आया है. छह तो बजेंगे.”

बाईंनी आत येऊन मशीनवरचा बॅटरीचा आकडा बघितला. चोवीस. म्हणजे पाऊण तास, फार तर. त्यांनी स्टूल ओढलं, अश्लेषाला हाक मारली, तिला स्टूल धरायला लावून ट्रंक उघडली आणि लुगड्याची गुंडाळी खाली आणली. गाठ सोडली.

बॅटरी पोटुशी झाली होती. कडा होत्या तशाच, पण मधलं पोट वर आलेलं, गुळगुळीत अंगाला एक बारीक चीर.

“उकाड्याने जरा फुगलीय,” बाई म्हणाल्या आणि ती मशीनच्या खाचेत सरकवायला लागल्या. अर्धी गेली, अडकली. त्यांनी तळवा लावून दाबायला हात उचलला.

“आजी, नको! दाबू नका!” अश्लेषाने त्यांचं मनगटच धरलं. “फुगलेली लिथियम आहे ती. दाबली की पेटते. आमच्या क्लासमध्ये एका मुलाचा टॅब पेटला होता असाच.”

“अगं पण भरलेली आहे! शंभर करून ठेवलीय मी.”

“म्हणूनच तर.”

मशीन टिक टिक करत अण्णासाहेबांच्या नाकात वारा सोडत होतं. बाईंनी बॅटरी हलक्या हाताने परत ओढली. चार्जरला लावून बघावी, हा विचार त्यांच्या मनात आला आणि वीजच नाही हे आठवून गेला. ते बरंच झालं, कारण फुगलेली चार्जला लावणं हे दाबण्याइतकंच वाईट, हे त्यांना नंतर कळलं. बाल्कनीत एक मातीची कुंडी रिकामी होती, शेजारी डागडुजीतली उरलेली वाळू. बॅटरी कुंडीत गेली, वर वाळू, आणि कुंडी वाळत घातलेल्या कपड्यांपासून आणि इन्व्हर्टरपासून लांब, कठड्याच्या कोपऱ्यात. हे सगळं बाईंनी अगदी शांतपणे केलं. हात तेवढे पदराला तीनदा पुसले.

आकडा एकोणीस.

“हॉस्पिटल?” अश्लेषा हळूच म्हणाली.

“मी ऐकतोय,” अण्णासाहेब खुर्चीतून म्हणाले. “फुफ्फुसं गेलीत, कान आहेत. हॉस्पिटलात मी धड माणूस म्हणून गेलो तर पेशंट करून ठेवतील.”

“मग कुठे जायचं? सगळ्या कॉलनीत वीज नाही,” बाई म्हणाल्या.

अण्णासाहेब वाक्य पुरेल एवढी हवा गोळा करून म्हणाले, “गेस्ट हाउसात. मोठा जनरेटर आहे. मी असतानाच बसवला. माझ्या काउंटरच्या मागे दोन प्लग आहेत, पंधरा अँपिअरचे.”

सात महिन्यांत बागेपर्यंत न गेलेला माणूस कोपर्निकस मार्गाला निघाला होता. बाईंनी हो-नाही केलं नाही. चार्जर घेतला, पाण्याची बाटली घेतली, आणि पुन्हा स्टुलावर चढून गाडीची वायर काढली. तिचं प्लास्टिक दातांनी फोडलं. सात महिने जपलेल्या वस्तूचा हा अपमान त्यांना त्याही वेळी जाणवला.

“अशू, टॅक्सीच बोलव, रिक्षा नको. बिडीकाडी ओढत असला तर दुसरा बघ.”

बावीस पायऱ्यांना अकरा मिनिटं लागली. दर चार पायऱ्यांनंतर अण्णासाहेब थांबायचे आणि जणू कठड्याचा रंगच तपासायला थांबलोय, असा चेहरा करायचे. खाली पोहोचले तेव्हा आकडा बारा.

टॅक्सीवाला तरुण होता. अश्लेषाने पुढे बसून त्याच्या गाडीच्या सॉकेटमध्ये वायर खुपसली, तर त्याने तिच्याकडे आणि मागच्या नळीकडे आळीपाळीने बघितलं.

“मॅडम, इससे मेरी गाड़ी की बैटरी बैठ तो नहीं जाएगी?”

उत्तर मागून आलं. “नहीं बैठेगी. बस इंजन बंद मत करना. सिग्नल पे भी नहीं.”

“माताजी को सब पता है,” तो म्हणाला.

“सब पता होता,” बाई मराठीत पुटपुटल्या, “तर आज इथे असते होय?”

सरोजिनी नगरच्या बाजाराशी गाडी अडकली. कपड्यांची बोचकी, स्वेटरांचे ढीग, मधोमध एक हातगाडी. आकडा अकरावर थांबलेला. ना खाली ना वर. वायर पुरवत होती तेवढंच मशीन खात होतं. अण्णासाहेब काचेतून बाजार बघत होते. “हे दुकान पूर्वी नव्हतं,” म्हणाले. बाई आकड्याशिवाय काहीच बघत नव्हत्या. त्यांच्या लेखी त्या दिवशी दिल्लीत एकच वस्तू होती, आणि ती अकरा होती. उड्डाणपूल ओलांडल्यावर ते बारा झालं. बाईंनी पहिल्यांदा पाठ टेकली.

गेस्ट हाउसच्या पोर्चमध्ये हरिदास उभा होता. अण्णासाहेब रिसेप्शनला असताना तो पाणी देणारा म्हणून लागला होता. आता तोच रिटायर व्हायला आला होता, केस पिकलेले, गणवेशाची बटणं पोटावर ताणलेली. अश्लेषाने वाटेतून फोन केला होता.

“अण्णासाहेब! नळी कसली ही? आणि वहिनी, तुम्ही फोनवर का नाही बोललात? या पोरीने सांगितलं, दहा टक्के उरलेत. मला वाटलं, तुमचेच!”

“आमचे अजून वीसेक असतील,” अण्णासाहेब म्हणाले.

काउंटरच्या मागे खरंच दोन प्लग होते. एकाला चहाची किटली होती, ती हरिदासने उपटली. चार्जर लागला, हिरवा दिवा आला. बाईंनी मशीन खाली गालिच्यावर ठेवू दिलं नाही, लाकडी स्टूल मागितलं. मशीनच्या मागची जाळी भिंतीपासून वीतभर लांब केली. “ह्याला श्वास घेता आला तर ह्यांना येईल,” म्हणाल्या. मग तिथल्या तिथे एका खुर्चीत बसल्या. हरिदासने चहा आणला. त्यांनी तो बशीत ओतला, पण बशी उचलली नाही.

“माझ्यामुळे झालं, अशू,” त्या म्हणाल्या. “जपून ठेवली ना मी ती.”

अश्लेषाने फोनवर मशीनची माहितीपुस्तिका काढली होती. एवढे दिवस ती घरात इंग्रजीत पडली होती. मुलगा वाचेल असं आईला वाटलं, आई सांभाळतेय असं मुलाला. “ऐका आजी. ‘बॅटरी बरेच दिवस ठेवायची असेल तर अर्धीच चार्ज करून ठेवा. गार जागी. काही महिन्यांनी काढून बघा. दोन असतील तर आलटून पालटून वापरा.’ ”

“अर्धी?”

“अर्धी.”

“म्हणजे अडीअडचणीला ठेवायची ती अर्धी भरलेली?”

“हो. आणि अडचण येणार आहे असं आधी कळलं, की आदल्या दिवशी पूर्ण.”

बाईंनी हे डोक्यात घालून बघितलं. इन्व्हर्टरची बॅटरी उपाशी ठेवली की मरते, ही भरल्यापोटी उन्हात ठेवली की मरते. “मेल्या दिसतात सगळ्या एका घरच्या,” त्या म्हणाल्या, “आणि प्रत्येकीचे नखरे निराळे.” मग बशी उचलली.

काउंटरवर एव्हाना वेगळंच चाललं होतं. अण्णासाहेब आपल्या जुन्या जागी, नळी कानामागे अडकवून, ताठ बसले होते. नांदेडहून आलेला कुणी अधिकारी किल्ली मागत होता.

“दोनशे सात नका घेऊ,” अण्णासाहेब म्हणाले. “गीझर ढकलत चालतो. दोनशे अकरा घ्या.”

काउंटरवरची रुचिता, महिन्याभरापूर्वी लागलेली मुलगी, गोंधळली. “सर, दोनशे सातचा गीझर बदललाय…”

“बदलला असेल. नळ तोच आहे ना?”

हरिदासने तिला डोळ्याने खुणावलं, आणि अधिकारी निमूटपणे दोनशे अकराची किल्ली घेऊन गेला. असं सहापर्यंत चाललं. अण्णासाहेब घरी दिवसाला जेवढं बोलायचे, तेवढं त्यांनी दर पंधरा मिनिटांत बोलून घेतलं. मधे दम लागला की मशीनकडे बोट दाखवून समोरच्याला थांबवायचे, जणू फोन आलाय. बाई लांबून आकडा बघत होत्या. एकतीस. अठ्ठावन्न. ब्याऐंशी.

सहाला चैतन्य धावत आला. ऑफिसातून थेट, गळ्यात ओळखपत्र. “आई, मला फोन का नाही केलास?”

“केला असता तर तू आधी घाबरला असतास, मग आला असतास. घाबरायला वेळ नव्हता.”

कुंडीतली बॅटरी रविवारपर्यंत तशीच बाल्कनीत होती. कचरेवाल्याला द्यायची नाही, हे बाईंनी आता सुनेलाही बजावलं, आणि चैतन्यने ती ई-कचरा घेणाऱ्यांकडे नेली तेव्हा, “वाळूसकट ने, डिकीत ठेव, उन्हात गाडी उभी करू नकोस,” असं जिन्यातून ओरडून सांगितलं. नवी बॅटरी आली. तिच्या पाठीवर नेलपॉलिशचे दोन टिळे पडले, जुनीवर एक. एका टिळ्याची एक आठवडा, दोन टिळ्यांची एक आठवडा. जिची पाळी नसेल ती पन्नासवर, ओट्यापासून लांब, फडताळाच्या खालच्या गार कप्प्यात. गुंडाळायला काही नाही. भाड्याचा छोटा सिलिंडरही परत आला. जीव एक असताना सोयी दोन हव्यात, असं बाईंनी डॉक्टरांना तोंडावर सांगितलं.

पुढच्या बुधवारी संध्याकाळी अण्णासाहेबांनी पेपर खाली ठेवला.

“उद्या वीज जाणार आहे का गं?”

“नाही.”

“पत्रक वगैरे काही?”

“काही नाही.”

“अच्छा,” म्हणाले, आणि पुन्हा पेपर उचलला. उलटा धरला होता.

बाईंनी भाजी निवडली, कुकर लावला. मग फडताळ उघडून दोन टिळ्यांची बॅटरी काढली. पन्नास. ती त्यांनी ओट्यावर, रिकाम्या फरशीवर, चार्जला लावली आणि हिरवा दिवा येईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

गुरुवारी दोन वाजता, वीज अगदी व्यवस्थित चालू असताना, त्यांनी मशीन खांद्याला अडकवलं, गाडीची वायर पिशवीत टाकली आणि नवऱ्यापुढे त्याच्या चपला ठेवल्या.

“चला. दोनशे सातचा नळ बघून येऊ.”